बिनभत्त्याची डोमितिला

डोमितिला बायोरशी ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात मी तिला पहिली शिवी हासडली. नर्सिंग कॉलेजच्या वसतिगृहातला पहिला दिवस. माझ्या शेजारच्या खाटेवर एक उंच, हाडकुळी मुलगी पत्र्याची ट्रंक उघडून बसली होती. मी विचारलं, "कुठली गं तू?" ती म्हणाली, "डागाबा."

"झालं!" मी कपाळावर हात मारला. "चोरांच्या शेजारी खाट दिली मला. आता चपला उशाशी घेऊन झोपायला हवं."

तिनं मान वळवून मला नखशिखान्त न्याहाळलं. "तू फ्राफ्रा दिसतेस. कुत्र्याचं डोकं खाणारी जात. तोंड धुऊन झोपत जा बाई, मला वास सहन होत नाही."

दक्षिणेकडून आलेल्या दोघीतिघी मुली घाबरून वॉर्डनला बोलवायला निघाल्या. आम्ही दोघी मात्र खाटेवर लोळून हसत होतो. आमच्या देशाच्या उत्तरेत डागाबा आणि फ्राफ्रा या जमाती म्हणजे थट्टेचे सोयरे. कधीकाळी दोघांच्या पूर्वजांनी मिळून एक कुत्रं मारलं आणि त्याचं डोकं कुणी खाल्लं यावरून जी जुंपली ती अजून मिटलेली नाही, आणि मिटावी असं कुणाला वाटतही नाही. फ्राफ्रानं डागाब्याला बाजारात, चर्चमध्ये, न्यायाधीशासमोर हवं ते बोलावं, त्यानं सव्याज परत करावं. नियम एकच, रागवायचं नाही. रागावला तो हरला. माझं नाव अतिपोका, पण तीन वर्षांत डोमितिलानं मला त्या नावानं फार तर दोनदा हाक मारली असेल. मी कुत्रेखाऊ आणि ती चोट्टी.

इतरांशी ती मोजकंच बोलायची. आई पिटो, म्हणजे ज्वारीची बिअर, गाळून विकायची, बाप म्हातारा, पाठीवर दोन भाऊ शाळेत. घरच्या गोष्टी ती कधी सांगत नसे; हे मला तिच्या ट्रंकेतल्या घरच्या पत्रांवरून कळलं. पण हात काय होते तिचे! मोठे, पुरुषी. पोटावर तळवे टेकले की बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं, ते सांगून मोकळी. मशीन लावून आमच्या शिक्षिका ज्यावर वाद घालायच्या ते हिला हातांनी कळायचं. पोटाला हात लावायच्या आधी ती दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. असं करा म्हणून कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

आता भत्त्याचं सांगते, कारण त्याशिवाय डोमितिलाचं काही सांगताच येणार नाही. आम्हा शिकणाऱ्या नर्सना आणि सुइणींना सरकार दरमहा भत्ता देतं. देतं म्हणजे, निवडणूक जवळ आली की देतं. एरवी तो हिवतापासारखा, आला की आला, गेला की गेला. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हा त्याचं तोंड बघून दहा महिने झाले होते. पोस्टिंगवर जाताना प्राचार्यांनी आम्हाला उभं करून भाषण दिलं, "मुलींनो, सेवा हे व्रत आहे. व्रताचा मोबदला मागत नाहीत." व्रत करणाऱ्यालाही संध्याकाळी उपास सोडायला काहीतरी मिळतं, एवढं साधं त्यांच्या डोक्यात आलं नाही. भाषण संपवून ते जेवायला गेले.

पोस्टिंग बारा आठवड्यांचं. वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं करायची, प्रत्येकाखाली इनचार्जची सही घ्यायची, एकही दिवस खाडा करायचा नाही. हे पुरं झालं तर शेवटच्या परीक्षेला बसता येणार, परीक्षा झाली तर परवाना, परवाना मिळाला तर नोकरी. डोमितिलाच्या घरची चार तोंडं या बारा आठवड्यांकडे डोळे लावून बसली होती. त्या काळातलं भाडं, जेवण, जाणंयेणं सगळं पदरचं.

आम्हाला दोघींना नाबुलियाच्या आरोग्य केंद्रात पाठवलं. पार वर, सीमेजवळ. तिथं ना तिचे लोक ना माझे. केंद्रात कागदावर तीन सुइणी. एक बदलून गेलेली, एक रजेवर, उरल्या इनचार्ज क्वान्सा मॅडम. म्हणजे सगळं केंद्र आम्हा दोघींच्या गळ्यात. शिकताना आम्ही विद्यार्थिनी, राबताना कर्मचारी, आणि जेवणाची वेळ झाली की पुन्हा विद्यार्थिनी. कर्मचाऱ्यांना डबा यायचा, आम्हाला नाही.

एका घरामागची खोली आम्ही मिळून भाड्यानं घेतली होती. येताना डोमितिलानं गारी आणली होती एक थैली. गारी म्हणजे भाजलेल्या कसावा कंदाचा भरडा. पाण्यात भिजवायची, असली तर साखर, असले तर शेंगदाणे. विद्यार्थ्यांचं पोट त्यावरच चालतं. माझा भाऊ बोल्गाला शिक्षक होता, तो मला मोबाइलवर पैसे धाडायचा. सुरुवातीला आम्ही एकाच भांड्यात जेवलो. चौथ्या आठवड्यात तिची थैली संपली. पाचव्यात माझ्या भावाला मुलगी झाली आणि माझे पैसे निम्म्यावर आले.

मी वाईट नव्हते, असं इथं लिहिणार होते. ते खोडते. मी वाईटच होते. डोमितिलाची ड्युटी अडीचला संपायची आणि माझी तीनला सुरू व्हायची. मी दीडलाच चूल पेटवायची, तुओचा, म्हणजे मक्याच्या पिठाचा, गोळा रटारटा शिजवायची, भेंडीच्या सारात बुडवून खायची, आणि ती ड्युटीवरून सुटून खोलीवर पोचायच्या आत भांडं घासून, पुसून पालथं घालून ठेवायची. ती दारात आली की मीच सुरू करायची, "आलीस का भांडं चाटायला? उशीर झाला, कुत्र्यानं चाटून ठेवलंय."

"बघा! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. कुत्रं तुमच्याच घरचं," ती म्हणायची, हसायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची.

लोक म्हणतात, भूक लागली तर माणूस सांगत कसं नाही? सांगत होती ना ती. रोज सांगत होती. "ए कुत्रेखाऊ, तुझ्या आज्याचं कुत्रं माझ्या पोटात भुंकतंय, त्याला चार घास टाक." यावर मी काय म्हणायची? "डागाब्याच्या पोटात गेलेलं कुत्रं भुंकायला जिवंत राहतं होय?" आणि दोघी हसायचो. तीन वर्षांत आम्ही एकमेकींशी सरळ बोलायला शिकलोच नव्हतो. एकदा तिनं गणवेशाच्या पट्ट्याला सुईनं नवं भोक पाडलं. मी म्हटलं, "लग्न ठरलं वाटतं. कंबर बारीक करायला घेतलीस." त्या दिवशी ती हसली नाही. माझ्याजवळ येऊन बसली.

"अतिपोका," ती म्हणाली, "खरंच सांगते."

मी वळले. माझं हसू तयारच होतं, आता ही काय पाजळते म्हणून. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय वाटलं तिला कोण जाणे.

"खरंच सांगते, तुझं थोबाड कुत्र्यासारखंच आहे," ती म्हणाली आणि उठून गेली.

मी हसले. त्या वेळी खरोखर हसले.

दहाव्या आठवड्यात हावा नावाची बाई आली. पहिलटकरीण, जेमतेम एकोणीसची. बाळ उलट्या तोंडाचं, पाठीला पाठ लावून बसलेलं. क्वान्सा मॅडम जिल्ह्याच्या बैठकीला गेलेल्या. डोमितिला सकाळी सातपासून एकटी तिच्याजवळ. दुपारी डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. अशा वेळी सिनियर नर्सलाही घाम फुटतो. डोमितिलानं हावाचे गुडघे छातीला लावले, हात घातला, खांदा मोकळा केला, मुलगा ओढून काढला. मग रक्त थांबेना, तर तासभर तिचं पोट चोळत राहिली. हे सगळं मला नंतर हावाच्या सासूनं, हाजारा आजीनं सांगितलं. हे डोमितिलाचं अठरावं बाळंतपण. उरली दोन.

आजीनं सुनेसाठी झाकणाच्या पातेल्यात गिनी कोंबडीचं सूप आणलं होतं. मिरीचा, सुंठीचा वास सगळ्या वॉर्डभर. बाळंतिणीनं पहिल्यांदा गरम सूप प्यायलं की दूध उतरतं, असं त्या बाजूला मानतात. हावा थकून झोपून गेली होती. आजी बाळाला घेऊन व्हरांड्यात बसलेली.

मी तीनला ड्युटीवर आले. डोमितिला वॉर्डात नाही, टेबलाशी नाही. बादल्या धुवायच्या मोरीत गेले तर ती तिथं, नळाजवळ उकिडवी बसलेली. मांडीत पातेलं. कोंबडीची तंगडी दातांत धरून डोळे मिटून चावत होती. हनुवटीवरून सूप ओघळत होतं, पुसायची शुद्ध नव्हती.

तिनं डोळे उघडले. मी उभी. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला पक्कं ठाऊक आहे. मला घासून पालथं घातलेलं माझं भांडं आठवलं आणि लाज वाटली. मला ती लाज नको होती. म्हणून मी टाळ्या पिटून ओरडले, "चोर! चोर! बायांनो धावा गं! डागाबा बाळंतिणीचं सूप पळवतेय! कॉलेजात साबण चोरायची, आता पेशंटच्या तोंडचा घास चोरते! पकडा चोट्टीला!"

आता ती कुत्र्याचं डोकं काढेल, म्हणजे फिटंफाट होईल, असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलं, पण ते भरलेलं होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्यामागे दारात क्वान्सा मॅडम उभ्या होत्या. नुकत्या बैठकीहून आलेल्या, खांद्यावरची पर्सही उतरवली नव्हती.

मॅडम दक्षिणेतल्या, समुद्रकाठच्या. नाबुलियात दोन वर्षं काढली, पण कुणाच्या ओसरीवर बसून पाणी प्यायल्या नाहीत. आमच्या थट्टेच्या सोयरिकी त्यांना कुठून ठाऊक असणार?

"काय म्हणालीस तू?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही मॅडम, थट्टा करत होते."

"थट्टा? मग तिच्या हातात काय आहे? डोमितिला, ते सूप कुणाचं?"

डोमितिलानं घास गिळला. "हावाचं."

"तिनं दिलं तुला?"

मी मनात म्हणत होते, हो म्हण, बये, हो म्हण. हावा झोपलीय, कोण विचारायला जातंय?

"नाही," ती म्हणाली. "ती झोपलीय. मी खाल्लं."

"मॅडम," मी मध्ये पडले, "आमच्यात असं बोलायची रीत आहे. मी फ्राफ्रा, ती डागाबा. ती काही खरी चोर नाही. मी तिला तीन वर्षं चोरच म्हणते."

"तीन वर्षं?" मॅडमनी पर्स खाली ठेवली. "म्हणजे खोड जुनी आहे. आणि तू तीन वर्षं तोंड शिवून बसलीस?"

मी जितकं समजावत गेले तितकं ते घट्ट होत गेलं. साबणाचं काय? साबण तिनं कधीच चोरला नव्हता, ते नुसतं बोलणं. मग बोललीस कशाला? बोलायचं असतं म्हणून. मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी मैत्रिणीला वाचवायला मिळेल ते खोटं बोलतेय. जन्मात पहिल्यांदा मी डोमितिलाबद्दल खरं बोलत होते आणि ते कुणालाही पटण्यासारखं नव्हतं.

आवाज ऐकून हाजारा आजी बाळासकट आत आली. काय झालं ते कळल्यावर तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "एकच तंगडी तर गेली! अगं, या पोरीनं माझा नातू ओढून काढलाय. उद्या तिला अख्खी कोंबडी आणते. तुम्ही कशापायी आरडाओरड करता, मॅडम?"

"आजी, तुम्ही बाहेर बसा. हा शिस्तीचा प्रश्न आहे."

"शिस्तीनं पोट भरतं का?"

"मीही विद्यार्थिनी होते," मॅडम आजीला नाही, डोमितिलाला म्हणाल्या. "मीही उपाशी राहिलेय. पण पेशंटच्या ताटाला हात लावला नाही." ते खरं असणार. मॅडम खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. स्वतः उपास काढलेली माणसं अशा वेळी जास्त कडक होतात, हे मी पुढं नोकरीत पुष्कळदा पाहिलं.

त्यांनी तिथंच टेबलाशी बसून अहवाल लिहिला. पेशंटचं अन्न चोरून खाल्लं. सहविद्यार्थिनीच्या म्हणण्यानुसार चोरीची सवय तीन वर्षांची. मग कागद माझ्यापुढं सरकवला, "साक्षीदार म्हणून सही कर."

"मॅडम, ते तीन वर्षांचं..."

"तूच म्हणालीस ना? मी कानांनी ऐकलं. सही करायची नसेल तर तुलाही माहीत असून लपवलं असं लिहीन. मग तुझंही पोस्टिंग रद्द. बघ, तुझं तू."

माझी चौदा बाळंतपणं झाली होती. सहा बाकी. डोमितिला भिंतीला टेकून उभी होती, हात धुतलेले, ओले. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सामान आवरत होती. मला माफी मागायची होती, पण आमच्यात माफीचे शब्दच नव्हते. म्हणून जे येत होतं तेच बोलले, "ए चोट्टे, माझा साबण नेऊ नकोस हं."

तिनं ट्रंक पुन्हा उघडली. कपडे बाजूला केले, तळापर्यंत दाखवलं. "बघ, नाही घेतला," ती शांतपणे म्हणाली, ट्रंक लावली, डोक्यावर घेतली आणि गाडीच्या थांब्याकडे चालू लागली. हाजारा आजी कबूल केल्याप्रमाणे कोंबडी घेऊन आली तेव्हा ती गेलेली होती. ती कोंबडी आजीनं मला दिली आणि मी ती खाल्ली.

कॉलेजच्या समितीनं तिची अठराच्या अठरा बाळंतपणं लाल शाईनं रद्द केली. त्या अठरा बायका बाळंत झाल्या होत्या, मुलं बाळसं धरायला लागली होती, पण नोंदवहीत ती जन्मलीच नव्हती. तिसरं वर्ष पुन्हा पूर्ण फी भरून करता येईल, शिस्तभंग झालेल्यांना भत्ता लागू नाही, असं पत्र तिच्या घरी गेलं. ती परत आली नाही. मी पास झाले, परवाना मिळाला, जिल्ह्याच्या इस्पितळात लागले. पुढच्या निवडणुकीच्या आधी आमचा थकलेला भत्ता एकदम जमा झाला. मी त्यातून फोन घेतला.

दोन वर्षांनी मी तिच्या गावी गेले. दोन गिनी कोंबड्या पाय बांधून बरोबर घेतल्या होत्या. झाडाखाली तिचा बाप आणि चारपाच म्हातारे पिटो पीत बसलेले. मी कुठली ते सांगताच सगळे उसळले. "अरे, फ्राफ्रा आली! कोंबड्या लपवा! कुत्री बांधा!" बापानं तर माझ्या बॅगेत डोकं खुपसलं, कुत्र्याचं डोकं शोधायला.

"बाबा," मी म्हटलं, "थट्टा नाही. तुमच्या मुलीचा घात मी केला. तिला चोर म्हटलं, वर त्या कागदावर सही केली."

म्हातारा हसता हसता खोकू लागला. "ऐका! फ्राफ्रानं आमचं वाटोळं नाही करायचं तर मग कुणी करायचं? पोरी, तुझ्यावर राग धरला तर वरती गेल्यावर आजोबा माझा कान पिळतील. सोयऱ्यावर कुणी रागावतं का? पी, पिटो पी." सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मला तिथं कुणी शिक्षा देणार नव्हतं. तशी सोयच नव्हती.

मग डोमितिला आली. पिटोच्या चुलीजवळून उठून आली होती, हात कोपरापर्यंत राखेचे. हात धुऊन तुंब्यात पाहुण्यासाठी पिठाचं पाणी कालवून आणलं, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं.

"या, सिस्टर," ती म्हणाली. "प्रवास बरा झाला ना? घरचे बरे आहेत?"

म्हाताऱ्यांना वाटलं, ही आता एखादी शिवी हासडणार. ते कान टवकारून बसले. तिनं शिवी दिली नाही. माझी नोकरी कशी आहे विचारलं, पुतणी केवढी झाली विचारलं. इस्पितळात मोठ्या डॉक्टरांशी बोलतात तशी ती माझ्याशी बोलत होती. मी तासभर बसले. तेवढ्यात तिनं एकदाही डोळे वर केले नाहीत.

निघाले तेव्हा ती माझी बॅग डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आली. मी वाटभर तिला शिव्या दिल्या. चोट्टे म्हटलं, लांबटांगे म्हटलं, तुझ्या आईच्या पिटोत बेडूक असतात म्हटलं, तुझ्या आजोबानं कुत्र्याचं डोकं खाऊन शेपूट उशीखाली लपवलं म्हटलं. ठेवणीतलं सगळं काढलं. दारांतल्या बाया ऐकून हसत होत्या, सोयऱ्यांची जुंपली म्हणून. प्रत्येक शिवीला ती म्हणत होती, "हो, सिस्टर."

गाडी आली. तिनं बॅग उतरवून माझ्या हातात दिली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "डोमितिला, एक शिवी दे गं. एकच."

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कशाबद्दल, सिस्टर?" तिनं विचारलं. "तुमचं काही चुकलंय का?"

गाडीतली सगळी माणसं बघत होती. मी नाही म्हटलं आणि चढून बसले.